अप्पांचे साडेचार तास

माझ्या अप्पांना लकवा झाला त्या दिवशी पहाटे पावणेसहाला मायचा फोन आला होता. मी बेंगळुरूत, होस्टेलच्या खोलीत, रात्री तीनपर्यंत प्रबंधाचं प्रकरण लिहून झोपलेली. माय म्हणाली, "तुझ्या अप्पाच्या हातातनं चहाचा कप पडला बग. तोंड एका बाजूला ओढल्यागत झालंय. बोलायलेत, पन काय बोलायलेत कळंना."

मी काय उत्तर दिलं ते मला शब्दाशब्दासकट आठवतं. "रात्री झोप झाली नसेल. थोडं पडू दे त्यांना. नऊला दवाखाना उघडला की दाखव." एवढं बोलून मी परत झोपले.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. अप्पांनी आयुष्यभर लातूरकडच्या एका मोंढ्यात हमाली केली. घरात कुठलाही कागद आला, रेशनचा, बँकेचा, तलाठ्याचा, की त्याचा फोटो माझ्या व्हॉट्सॲपवर येतो. मी पीएचडी करते म्हणजे काय करते हे गल्लीत कुणाला नीट माहीत नाही. 'डॉक्टर व्हायलीय' एवढंच माहीत आहे. त्यामुळे माझ्या तोंडून "पडू दे" निघालं तेव्हा ते घरच्यांसाठी डॉक्टरचंच म्हणणं होतं. अप्पांना अंथरुणावर आडवं केलं आणि माय नऊ वाजायची वाट बघत बसली.

साडेनऊला जवळच्या दवाखान्यात बीपी मोजलं, सलाईन लावलं. अकराला तालुक्याच्या ठिकाणी नेलं, तिथे सीटी स्कॅन नव्हता. जिल्ह्याच्या गावी पोचून स्कॅन व्हायला दीड वाजला. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. तिथल्या डॉक्टरांनी माझ्या भावाला सांगितलं की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. त्यांनी विचारलं, "इतका उशीर का केला?" भाऊ गप्प राहिला. त्याने माझं नाव सांगितलं नाही.

हा लेख मी त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहिते आहे. उत्तराचा अर्धा भाग माझ्या अज्ञानाचा आहे आणि तो आधी कबूल केला पाहिजे. उरलेला अर्धा आपल्या लोकांच्या वाट्याला किती वेळ येतो, याचा आहे.

आधी आजार समजून घेऊ. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक थांबला किंवा तिथली रक्तवाहिनी फुटली की त्याला स्ट्रोक म्हणतात. लकवा, पक्षाघात, अर्धांगवायू हे शब्द आपण त्यासाठी वापरतो. खरं तर लकवा हा परिणाम आहे. घाव मेंदूत बसलेला असतो. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, आणि बहुतेकांचं बोलणंही डाव्या बाजूलाच असतं. म्हणून अप्पांचा उजवा हात आणि बोलणं एकदमच गेलं.

मुख्य प्रकार दोन. पहिल्यात गुठळीमुळे रक्तवाहिनी बंद होते. जगभर स्ट्रोकच्या रुग्णांत हेच बहुसंख्य असतात. गुठळी मानेतल्या किंवा मेंदूतल्या चरबी साचलेल्या रक्तवाहिनीत तयार होते, नाहीतर हृदयात तयार होऊन वाहत वर जाते. हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर हा धोका मोठा असतो.

दुसऱ्या प्रकारात रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो. यातही दोन तऱ्हा आहेत. वर्षानुवर्षं वाढलेल्या बीपीने कमकुवत झालेली बारीक रक्तवाहिनी मेंदूच्या आत फुटते, ही पहिली. दुसरीत मेंदूच्या पृष्ठभागाजवळच्या रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटतो आणि रक्त मेंदूच्या आवरणाखाली पसरतं. फुगा फुटतो तेव्हा क्षणात डोकं फुटेल अशी वेदना होते, तशी आधी आयुष्यात कधीच झालेली नसते. त्यासोबत उलटी, मान ताठ होणं किंवा शुद्ध हरपणं असू शकतं. ही डोकेदुखी बाम लावून झोपून काढायची नसते.

याशिवाय डोक्याला मार लागूनही रक्तस्राव होतो. म्हाताऱ्या किंवा रोज दारू पिणाऱ्या माणसात साध्या पडण्यानंतरही कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये हळूहळू रक्त साचत राहतं. तीन आठवड्यांनी माणूस विसरभोळा होतो, तोल जातो, सुस्त पडतो. घरचे म्हणतात, वय झालं. बांधकामावरून पडलेल्या माणसाबद्दल हे खास लक्षात ठेवावं.

आणखी एक प्रकार फसवा आहे. तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो आणि दहा-वीस मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. त्याला मिनी स्ट्रोक म्हणतात. आपण "बरं झालं, गेलं" म्हणून कामावर जातो. पण ती सूचना असते. मोठा झटका येण्याचा धोका पुढच्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो, म्हणून बरं वाटत असतानाच दवाखाना गाठायचा.

गुठळी की रक्तस्राव, हे बाहेरून बघून कुणालाच नक्की सांगता येत नाही. अनुभवी डॉक्टरलाही सीटी स्कॅन लागतो. हा मुद्दा जिवाशी जोडलेला आहे, कारण दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत. गुठळीला रक्त पातळ करणारं औषध तारतं, रक्तस्रावात तेच मारू शकतं. त्यामुळे हार्ट ॲटॅकला ॲस्पिरिन देतात म्हणून इथेही द्यायची नाही. बीपी वाढलंय म्हणून जिभेखाली गोळी ठेवून ते धाडकन खाली आणायचं नाही. पाणी, चहा, लिंबू-सरबत पाजायचं नाही, कारण गिळण्याची ताकद गेलेली असू शकते आणि पाणी फुफ्फुसात जातं. माणसाला कुशीवर झोपवायचं, वेळ बघायची आणि निघायचं.

ओळखायचं कसं, तर पाच गोष्टी. तोल अचानक गेला का? एका किंवा दोन्ही डोळ्यांनी अचानक दिसेनासं, दोन-दोन दिसायला लागलं का? हसायला सांगितल्यावर तोंड एका बाजूला जातंय का? दोन्ही हात समोर धरायला सांगितले तर एक खाली पडतोय का? एक साधं वाक्य म्हणायला लावलं तर जीभ अडखळते का, भलतेच शब्द येतात का? यातलं एक जरी अचानक झालं तरी तो स्ट्रोक धरून चालायचं आणि १०८ला फोन करायचा. सहावी गोष्ट वेळ. ती आपण बघितल्यापासून मोजत नाहीत. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता, तिथपासून मोजतात. अप्पा पाच वाजता उठून अंगणात गेले होते, तेव्हा ठीक होते. म्हणजे त्यांचे साडेचार तास साडेनऊला संपले, नेमके आम्ही पहिल्या दवाखान्यात बीपी मोजत होतो तेव्हा.

मायने वर्णन केलेल्या तीन ओळींत कप पडलेला हात होता, वाकडं तोंड होतं आणि न कळणारं बोलणं होतं. पाचपैकी तीन खुणा एका दमात. तिने सगळं नीट पाहिलं होतं आणि नीट सांगितलं होतं. ऐकणारीला कळलं नाही.

आमच्याकडे या आजाराला 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. नाव काय दिलं यावर माणूस कुठे जातो हे ठरतं. वारं गेलं म्हटलं की तेल चोळणारा आठवतो, पारव्याचं रक्त लावणारा आठवतो, दर गुरुवारी औषध देणारं अमुक गाव आठवतं. आपली शिकलेली पोरं या सगळ्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळी होतात. मी पण म्हणायचे. पण तेल चोळणारा हाकेच्या अंतरावर असतो, तो पैशासाठी अडवत नाही, जात विचारत नाही आणि पेशंटला हात लावतो. मेंदूचा डॉक्टर शंभर किलोमीटरवर असतो. लोक जवळच्याकडे जातात यात मूर्खपणा नाही. दूरच्याला जवळ आणण्याची जबाबदारी ज्यांची होती त्यांना न विचारता आपण आपल्याच मायबापाला अडाणी ठरवतो, हा मात्र मूर्खपणा आहे.

हे अंतर किती जीवघेणं असतं याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' संस्थेच्या डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंचा दोन वर्षं, २०११ ते २०१३, अभ्यास केला. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ स्ट्रोकने झाले होते. म्हणजे दर सातातला एक. मलेरिया, टीबी, सर्पदंश यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भागात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण स्ट्रोक निघालं. आणि स्ट्रोकने गेलेल्यांपैकी ८७ टक्के माणसं घरीच गेली. ज्या आजाराला आपण शहरी, श्रीमंत, खात्यापित्या लोकांचा समजतो, तो आदिवासी जिल्ह्यात घराघरात माणसं नेत होता.

इथे 'जीवनशैलीचा आजार' या शब्दाकडे येऊ. कारणांची यादी सगळीकडे छापलेली असते. उच्च रक्तदाब हे सगळ्यात मोठं कारण, मग मधुमेह, तंबाखू, दारू, जास्त मीठ, वाढलेलं कोलेस्टेरॉल, हृदयाचे आजार. यादी खरी आहे. खटकतो तो त्यावरचा मथळा. शैली म्हणजे निवडलेली गोष्ट. अप्पांच्या डब्यात भाकरी, मिरचीचा ठेचा आणि मीठ असायचं, कारण भाजी रोज परवडत नव्हती. चव येण्याचं सगळ्यात स्वस्त साधन मीठच. पोती उचलताना तोंडात तंबाखू असायची, कारण तिने भूक मरते. ही शैली त्यांनी कुठल्या कॅटलॉगमधून निवडली होती?

माझं संशोधन बेंगळुरूतल्या सफाई कामगार बायकांवर आहे. त्यांना इथे पौरकार्मिक म्हणतात. त्यातल्या बहुसंख्य दलित आहेत. उजाडायच्या आत त्या झाडू घेऊन रस्त्यावर असतात. कित्येकींना बीपी आहे, हे त्यांना एखाद्या शिबिरात कळलेलं असतं. गोळ्याही मिळालेल्या असतात. मग गोळ्या का घेत नाही, असं मी एकीला विचारलं. तिने मला वेड्यात काढलं. गोळी घेतली की सारखी लघवीला लागते, आणि कामाच्या रस्त्यावर बाईने जायचं कुठे, असा तिचा साधा प्रश्न होता. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवतात हे खरंच आहे. आता या बाईला उद्या स्ट्रोक झाला तर केसपेपरवर 'औषधं अनियमित' असं लिहिलं जाईल. त्या रस्त्यावर संडास नव्हता, हे लिहायला केसपेपरवर रकाना नसतो. खरं तर अशा वेळी डॉक्टरांना सांगून गोळी किंवा तिची वेळ बदलून घेता येते. पण ते सांगण्याइतका वेळ ओपीडीत कुणी देत नाही.

आणखी दोन कारणं सांगते, जी यादीत शेवटी असतात पण आपल्या वस्त्यांत पुढे येतात. पहिलं, लहानपणीचा घसा. दाटीवाटीच्या घरात मुलांना जंतूंमुळे घसादुखी होते, वेळेवर उपचार होत नाहीत, त्यातून काहींना ऱ्हुमॅटिक ताप येतो आणि हृदयाची झडप खराब होते. वीस वर्षांनी त्या हृदयात गुठळी होते आणि तिशीतल्या बाईला लकवा होतो. दुसरं, बाळंतपण. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी होऊन बाळंतिणीला तीव्र डोकेदुखी, झटके, लकवा होऊ शकतो. बेंगळुरूच्या निम्हान्समधल्या डॉक्टरांनी १९८०च्या दशकापासून या आजाराचा अभ्यास मांडलेला आहे. अंगातलं पाणी कमी होणं आणि रक्त कमी असणं यांचा त्याच्याशी संबंध आहे. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची रीत अनेक घरांत अजून आहे. ती बंद करायला कुठलीही योजना लागत नाही.

निम्हान्सचं नाव निघालंच आहे तर सांगते. बेंगळुरूत होसूर रोडवरच्या त्या सरकारी संस्थेच्या गेटवर सकाळी उभं राहिलं की कन्नड, तेलुगू, तमिळ, बंगाली सगळं ऐकू येतं. कुठून कुठून माणसं आपल्या माणसाचा मेंदू वाचवायला येतात. मी त्याच शहरात राहत होते. माझ्या खोलीपासून अर्ध्या तासावर देशातले नामांकित मेंदूतज्ज्ञ होते. रोज बसमधून जाताना खासगी हॉस्पिटलांचे स्ट्रोकचे फलक मला दिसत होते. त्यांच्या इंग्रजीत मला माझे अप्पा कधी दिसले नाहीत. ते फलक ज्या माणसासाठी लावलेले असतात, तो गाडीत बसलेला असतो.

गरिबी आणि जात एकच, असं कुणी म्हणेल. २०२२ साली संगीता व्यास, पायल हाथी आणि आशीष गुप्ता यांनी नऊ राज्यांच्या आकडेवारीवरून दाखवलं की सवर्ण हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचं सरासरी आयुर्मान चार वर्षांहून जास्त आणि दलितांचं तीन वर्षांहून जास्त कमी आहे. महत्त्वाचं पुढे आहे. आर्थिक स्थितीतल्या फरकाने या दरीचा निम्म्याहून कमी भाग समजावता येतो. उरलेल्याचं काय? ओपीडीत कोण किती वेळ उभं राहतं, कुणाच्या ओळखीचा डॉक्टर असतो, कुणाच्या फोनवर ॲम्ब्युलन्स लवकर येते, 'आत्ताच स्कॅन करा' असं ठणकावून म्हणायची हिंमत कुणाच्या घराण्यात असते, हे सगळं त्यात येत असणार असं मला वाटतं. सवर्ण घरात एक तरी मामा, एक तरी चुलत बहीण डॉक्टर असते. पहाटे तिला फोन जातो आणि ती म्हणते, "आत्ता निघा." आमच्या घरात तो फोन मला आला.

अशा वेळी मला जोतीराव फुले आठवतात. ११ मे १८८८ला मुंबईत लोकांनी त्यांना 'महात्मा' म्हटलं. त्यानंतर दोनच महिन्यांत, जुलैमध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. मित्र असलेले डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. जोतीरावांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' डाव्या हाताने लिहिलं. हातातला पैसा समाजकार्यात संपला होता. मामा परमानंदांना सयाजीराव महाराजांकडे त्यांच्यासाठी मदतीची विनंती करावी लागली. २८ नोव्हेंबर १८९०ला ते गेले. पुस्तक १८९१ साली, त्यांच्यामागे प्रकाशित झालं.

हा प्रसंग आपण दरवर्षी जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो. सांगायलाच हवा. पण घोले यांच्या हातात तेव्हा काहीच नव्हतं. सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाचा मेंदू दाखवला तो १९७१ साली. गुठळी विरघळवणारं औषध स्ट्रोकमध्ये उपयोगी पडतं हे १९९५ साली सिद्ध झालं. जोतीरावांपुढे जिद्दीशिवाय पर्याय नव्हता. अप्पांपुढे होता, तीन तालुके पलीकडे. आज आपल्या माणसांकडून पुन्हा जिद्दीचीच अपेक्षा करणं, आणि तिचं कौतुक करणं, हा त्यांच्यावर अन्याय आहे. महाराष्ट्र सरकारची आरोग्य योजना महात्मा फुल्यांच्या नावाने चालते. ज्या आजाराने फुल्यांचा उजवा हात गेला, त्याचा स्कॅन आणि ते इंजेक्शन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रात्रंदिवस मिळावं, ही मागणी त्या नावाचा मान ठेवणारीच आहे. जयंतीच्या मंडळांनी ती निवेदनात लिहावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या गोळ्या बारा महिने मिळाव्यात आणि आशाताईंना घरोघरी बीपी मोजण्याचं यंत्र व त्याचा मोबदला मिळावा, हेही लिहावं.

मागण्या मान्य होईपर्यंत झटके थांबणार नाहीत. म्हणून तोवरचं काम आपलं, म्हणजे घरातला फोन ज्यांना येतो त्यांचं. या रविवारी घरी फोन करून तीन गोष्टी करा. तिशीवरच्या प्रत्येकाचं बीपी कधी मोजलं ते विचारा. १४०/९०च्या वर असेल तर डॉक्टरांना दाखवायला लावा आणि सुरू झालेली गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करू देऊ नका. सीटी स्कॅन आणि स्ट्रोकचं इंजेक्शन चोवीस तास मिळेल असं सगळ्यात जवळचं ठिकाण कोणतं, ते आजच शोधा. सरकारी योजनेच्या यादीत ते आहे का तेही बघा आणि नाव घराच्या भिंतीवर मराठीत लिहून ठेवा. आणि त्या पाच खुणा मायला, भावाला, शेजारच्या पोराला पाठ करायला लावा. उशीर झाला तरी जायचंच, हेही सांगा. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी नळी घालून काढण्याचा उपचार काही निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत करता येतो. तो नाही मिळाला तरी चांगल्या देखभालीने जीव वाचतो, दुसरा झटका टळतो. 'पे बॅक टू सोसायटी' आपण मोठ्या तोंडाने म्हणतो. त्याचा एक हप्ता असा दोन मिनिटांच्या फोनचाही असू शकतो.

अप्पा आता काठी धरून दारापर्यंत येतात. बोलणं बरंचसं कळतं. मोंढ्यातलं काम सुटलं ते सुटलंच. मागच्या महिन्यात बँकेत सही जुळली नाही म्हणून त्यांना परत पाठवलं. त्यांची जुनी सही उजव्या हाताची होती. तीही त्यांनी चाळिशीत, माझ्या पाटीवर माझ्याकडूनच शिकून घेतली होती. आता डाव्या हाताच्या अंगठ्यावर काम चालतं.

मी त्या पहाटेबद्दल त्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ शब्द शोधत राहिले, मग म्हणाले, "तुला कुनी सांगितलं व्हतं का?" मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला आता सांगितलं आहे.